उत्तरेत नाही, दक्षिणेत नाही

माझी धाकटी बहीण नगरपालिकेच्या नकाशा विभागात आहे. दिवसभर कॉम्प्युटरवर शहरातली घरं चाळते. एखाद्या विभागाची हद्द निवडायची, बटण दाबायचं, की त्या हद्दीतली घरं तेवढी उरतात. घरोघरी जाणाऱ्या नर्सना त्यावरूनच कामं वाटून देतात. मी तिला 'चाळणीबाई' म्हणतो, ती चिडते.

तर आईकडे येणारी नर्स एकाएकी बंद झाली. आई अंथरुणाला खिळलेली, पाठीला जखम, रोज पट्टी बदलावी लागते. मी उत्तर विभागाला फोन केला. ते म्हणाले, दक्षिणेला विचारा. दक्षिणवाले म्हणाले, हे घर आमच्याकडे नाहीच. माझं डोकंच फिरलं! "अहो, मग आई काय हवेत राहते का?" असं ओरडलो, तर त्यांनी फोन ठेवून दिला. मग मीच पट्टी बदलायला लागलो. माझा हात जड, आई कळवळायची, आणि जखम चिघळत चालली.

शेवटी धाकटीचं ऑफिस गाठलं. तिनं माझ्यासमोर उत्तर विभाग निवडला. आईचं घर गायब. दक्षिण निवडला. तरी गायब. चाळणी काढून टाकली, तर घर आपलं जागच्या जागी! पुन्हा उत्तर, पुन्हा दक्षिण.

"असं कसं होईल, दादा?"

"मला काय विचारतेस? माझ्या बापाला तरी कळलं असतं का यातलं?"

"तो माझाही बाप होता," ती पुटपुटली आणि नकाशा मोठा करत गेली.

हद्दीची रेषा आईच्या घराच्या मधोमध गेलेली. स्वयंपाकघर उत्तरेत, खाट दक्षिणेत. चाळणीला अख्खं घर आत लागतं, अर्धंमुर्धं असलं की ती सोडून देते. दोन्हीकडून सुटलं.

"पण हद्द तर मागच्या गल्लीतून जाते ना?" मी विचारलं.

धाकटी हळूच म्हणाली, "फार वेडीवाकडी होती रे. नकाशा उघडायला वेळ लागायचा, म्हणून मीच सरळ केली."



संध्याकाळी तिनं आईच्या उशाशी बसून सगळं सांगितलं आणि रडायलाच लागली. आईला निम्मंशिम्मं कळलं असावं.

"सरळ केलीस तर वाकडी कर. त्यात रडायचं काय एवढं?"

"केली गं आई. उद्या नर्स येईल."

आई कूस बदलता बदलता थांबली. "त्या रेषेखाली आपलं एकट्याचंच घर आलं होतं का गं?"

धाकटीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. रेषा शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होती, आणि तिनं ती वाकवली होती फक्त आमच्या दारापाशी.