ताईची आवृत्ती

माणूस गेलं की त्याचे किस्से कुठून कुठून निघतात, बघा! जिवंत असताना कोणी सांगत नाही. माझी ताई, सुनंदा, कावीळ होऊन गेली त्याला अडीच महिने झाले. तेव्हापासून कारखान्यातली प्रत्येक बाई मला जिन्यात अडवते. "दिन्या, तुझ्या ताईची एक गंमत ऐक." मी ऐकतो. कधी हसतो, कधी मशीनला उगाच लाथ मारून येतो. पण ऐकतो.

आमचा कारखाना साकीनाक्याला. तिथं विजेचे प्लग बनतात. मी मोल्डिंगच्या मशीनवर, ताई पलीकडच्या खोलीत, असेंब्लीच्या टेबलावर. तिथं आठ बायका दिवसभर पितळेच्या पिना बसवणार आणि स्क्रू आवळणार. हाताला काम, डोक्याला काहीच नाही. ताईने पहिल्याच महिन्यात त्यावर इलाज काढला. घाटकोपरच्या वाचनालयातून कादंबरी आणायची आणि टेबलावर मोठ्याने वाचायची. राजे, राण्या, भुयारं, दिवाणाची कारस्थानं, चोरून भेटणारी राजकन्या! दुसरं काही तिला चालायचंच नाही. बाकीच्या सात जणी तिच्या वाटणीचे प्लग आपसात वाटून घ्यायच्या. संध्याकाळी तिचंच खोकं सगळ्यांच्या आधी भरलेलं!

आणि वाचायची कशी! कुठे अडखळणं नाही, काही नाही. फक्त कधी कधी गोष्ट भर रंगात आली की थांबायची, तांब्यातलं पाणी प्यायची, मग पुढे. बायका ओरडायच्या, "मुद्दाम टांगून ठेवते मेली!"

•

एकदा सुपरवायझर तावडेसाहेबांनी तिला पकडलं. पुस्तक जप्त, केबिनच्या कपाटात बंद. ताई गपचूप स्क्रू आवळायला बसली.

पुढचे तीन दिवस टेबलावर हात आठ जणींचे आणि माल पाच जणींचा! कोणाचा स्क्रू खाली पडतोय, कोणाला जांभया येतायत. चौथ्या दिवशी साहेब स्वतः पुस्तक घेऊन आले. "हे घे. पण आवाज हळू." दारापर्यंत गेले आणि परत वळले. "तो सेनापती शेवटी फितूर निघतो ना गं? नाही, मी वाचलं नाही हां! सहज विचारलं."

•

टेबलावर सगळ्यात मोठी कुसुममावशी. मालवणची, अंगठाबहाद्दर, पण कादंबरीत सगळ्यात जास्त तीच शिरायची. एका दुपारी राजाच्या दुधात दिवाणाने विष कालवलं होतं. राजाने पेला उचलला. मावशीला राहवलं नाही. हातातला स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर आपटून ओरडली, "रे मेल्या, पिव नको ता! त्यात वीख आसा!"

नेमके तेव्हाच तावडेसाहेब दारात उभे, चहाचा ग्लास ओठाला लावलेला! त्यांनी ग्लास सावकाश खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे चहावाला बदलला.

•

मग शालू. ताईची खास मैत्रीण, टेबलावर शेजारी बसणारी. तिचं लग्न ठरलं मुलुंडच्या मुलाशी. आणि सासू निघाली कादंबऱ्यांची शौकीन! शालूला वाटलं, झकास, आपलं जमणार. तर पहिल्याच महिन्यात एकाच कादंबरीच्या शेवटावरून दोघींचं जोरदार भांडण. सासू म्हणे, राजकन्या बुरुजावरून उडी टाकून मरते. शालू म्हणे, छे! सेनापतीच्या घोड्यावर बसून कोकणात उतरते, मी माझ्या कानांनी ऐकलंय! दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. नवरा बिचारा मध्ये उपाशी.

शनिवारी कारखाना सुटल्यावर शालू तणतणत आमच्या घरी आली. "सुनंदा, तूच सांग. मेली की नाही?"

ताई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "अगं, सासूबाईंची आवृत्ती जुनी असेल."

•

ताई गेली तेव्हा तिच्या उशाखाली एक कादंबरी निघाली. चाळीस पानं राहिलेली. वाचनालयाचा माणूस पुस्तक मागायला घरी आला, तर मी त्याच्या अंगावरच धावून गेलो. बिचारा दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "राहू दे रे. वाचून झालं की दे."

वाचून झालं की! मी चौथी नापास. जोडाक्षर आलं की माझी वाट लागते.

इकडे टेबलावर ताईच्या स्टुलावर कोणी बसेना. राणी दरबारात उभी, दिवाणाने तिच्यावर आळ घेतलेला, गोष्ट तिथेच अडकलेली. दोघी-तिघींना वाचता येत होतं, पण पुस्तकाला हात लावायला एकही तयार नाही. शेवटी कुसुममावशीच म्हणाली, "सुनंदाचो भाव वाचीत. नायतर रवांदे तसाच."

मी म्हटलं, "मावशी, मला नाही जमणार. ताईचं नाव घालवीन मी."

मागून तावडेसाहेब म्हणाले, "दुपारी अर्धा तास तुझं मशीन मी बघतो. जा, बस."

बसलो. पहिल्या दिवशी एक ओळ वाचेपर्यंत बायकांचे दोन-दोन प्लग तयार व्हायचे. घाम फुटला. पण एक बाई हसली नाही. पानं सरत गेली. सातव्या दिवशी राणीला भर दरबारात विषाचा प्याला देतात. निर्दोष असशील तर पी, म्हणतात. राणीने प्याला उचलला. माझी नजर पुढच्या ओळीवर गेली. मी ती मनात वाचली. ‘मृत्यू’मधल्या जोडाक्षरासकट वाचली.

सातही स्क्रू-ड्रायव्हर थांबले होते.

मी तांब्या उचलला. पाणी प्यायलो. मग पुस्तकाकडे बघत म्हणालो, "राणीने... तो प्याला... दिवाणाच्या तोंडावर फेकला."

कुसुममावशीने पुढचा प्लग हातात घेतला, स्क्रू लावला आणि खाली बघतच म्हणाली, "तुझी ताय पण अशाच जाग्यार पाणी पियायची. वाच फुडे."