धुतलेला कंगवा

सिव्हिल हॉस्पिटलच्या बाकावर मी माझ्या रिपोर्टची वाट पाहत बसलो होतो. शेजारी एक मावशी मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांचा मुलगा ज्या कारखान्यात कामाला होता तिथं आग लागली होती, आणि सापडलेल्या देहांपैकी त्यांचा कोणता, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नव्हतं.

प्रयोगशाळेतल्या बाई बाहेर आल्या. "मावशी, डीएनए तपासायला त्याचा कंगवा आणि दात घासायचा ब्रश आणलात?"

मावशींनी दोन्ही काढून दिले. अगदी लख्ख. "गरम पाण्यात साबण लावून धुतलेत. वापरलेली वस्तू तशीच कशी आणायची तुमच्यासमोर?"

मी मान खाली घातली. मुलाचा कंगव्यातला शेवटचा केसही त्यांनी निगुतीनं धुऊन टाकला होता. बाई मात्र चिडल्या नाहीत. "असू द्या. तुम्ही आलात ना, मग झालं," म्हणाल्या आणि कापूस गुंडाळलेली काडी त्यांनी मावशींच्या गालाच्या आतून अलगद फिरवली.

काय शास्त्र आहे हे! आगीनं चेहरा नेला, साबणानं खुणा नेल्या, तरी पोराची ओळख आईच्या गालात शाबूत. आपण लेकराच्या तोंडावर आई शोधतो. हे आईच्या तोंडात लेकरू शोधतं. एवढं अवघड ज्ञान, आणि मागतं काय, तर जरा 'आ' करा.

काडी पाकिटात गेली. मावशींनी पाण्याची बाटली काढली, पण टोपण उघडता उघडता त्या थांबल्या.

"आता पाणी प्यायलं तर चालेल ना, ताई? तो धुऊन नाही ना जायचा?"