आवाज जिरवणारी पेटी

इचलकरंजीच्या स्टँडवर गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीखालून म्हणाले, "हळू बोलणाऱ्याचा भरवसा धरू नको." अख्ख्या फलाटाला ऐकू गेलं. जन्म यंत्रमागावर गेला त्यांचा. त्या खडखडाटात जो हळू बोलतो, त्याला ऐकू जाऊच द्यायचं नसतं, हे त्यांचं मत.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, इलेक्ट्रॉनिक्सचा. म्हैसूरला नोकरीला आलो तर सगळं गावच हळू बोलणारं. जयलक्ष्मीपुरमचे माझे घरमालक कैक पिढ्या इथले मराठी. त्यांनी तंबीसुद्धा कुजबुजत दिली, "अय्यो, गिटार स्वल्प मेल्लगे, जरा हळू वाजवा हो. परत आवाज आला तर दुसरं घर बघा."

गिटारचा आवाज वाढवणारा माझा अ‍ॅम्प जुना, ट्यूबचा. पहिल्या पगारातून घेतलेला. हळू ठेवला की कोरडा वाजतो, मोठा केला तरच सूर भरतो. मग अ‍ॅटेन्युएटर शोधला. अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसणारी ही पेटी, जास्तीचा जोर उष्णतेत जिरवते. नवी परवडेना, आणि जुनी पेटी आतून तुटकी निघाली तर अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर जळणार.

हुणसूरच्या एका निवृत्त मास्तरांकडे मिळाली. "गुड कंडिशन," ते इतकं हळू म्हणाले की मी तिथंच पेटी उघडली, तारेची वेटोळी बघितली, मीटर लावला. आठ ओहम, बरोबर. मास्तर रागावले नाहीत. स्क्रू हरवू नयेत म्हणून बशी पुढे सरकवली. त्याचाही मला संशय आला.

घरी आणली. दोन तारा छेडायच्या, ट्रान्सफॉर्मरला हात लावून बघायचा, असं तासभर. तापली ती पेटीच. सूर भरलेला, आवाज खोलीतल्या खोलीत. आठवड्याने जिन्यावर पावलं वाजली. घर गेलं, म्हणत दार उघडलं तर मालक. "बरे आहात ना? आठ दिवस झाले, वरून काहीच ऐकू नाही." मी हो म्हटलं, आणि हे नक्की काय बघायला आले याचा विचार करत बसलो.

त्याच रविवारी बाबांचा फोन. "हळू का बोलतोस रं? काय लपवतोस?" गच्चीवर जाऊन मोठ्यानं बोललो, तेव्हा कुठं त्यांना पटलं.

गाव सोडलेल्यांनो, घर कुठलं असं मला विचाराल तर अजून सांगता येत नाही. एकीकडे हळू बोललं तर माणसं धास्तावतात. दुसरीकडे गप्प झालं तर जिना चढून येतात. या दुसऱ्यावर माझा अजून पुरता भरवसा नाही. पण परवा मी पेटीचा खटका एक घर वर केला. खाली थोडं ऐकू जावं, एवढंच.