तेल जाड पाहिजे म्हणणाऱ्यांसाठी

पोस्टिंग उत्तरेला, बर्फातल्या रस्त्यावर होती आणि काम होतं वरच्या चौक्यांना रेशन पोहोचवायचं. मी फौजेत हवालदार होतो, गाड्या माझ्या ताब्यात. हे आधी सांगून ठेवतो, नाहीतर परवा शहापूरला भर दुकानात मी माझ्या साळ्यावर का खेकसलो ते कळायचं नाही.

साळा म्हणजे मनोहर, सानगडीचा. धान राइस मिलवर न्यायला त्यानं जुना ट्रक घेतला आहे. त्याचं घर आता त्या एका इंजिनावर चालतं. ऑइल बदलायचं म्हणून मला सोबत नेलं, पण माझं ऐकायचं असं काही त्यानं ठरवलं नव्हतं. जाहिरातीतल्या हिरोचं चित्र असलेला डबा परवडेना, तेव्हा त्यानं सुट्ट्या तेलाचा ड्रम उघडायला लावला. बोट बुडवलं, अंगठ्याशी चोळलं, तार धरतं का ते पाहिलं. आमच्याकडे इंजिनाचं तेल असंच निवडतात, गुळाचा पाक पाहावा तसं.

"भाऊजी, पाहा कसं जाड हाये," तो म्हणाला. "पातळ तेल म्हंजे पानी. इंजिनले ताकद कायची भेटन?"

मी म्हटलं, गाडीचं पुस्तक काढ. पुस्तक घरी कपाटात. घरून त्या पानाचा फोटो मागवला. त्यावर तेलाचा नंबर होता, १५ डब्ल्यू ४० हा जाडीचा, सीआय-४ हा दर्जाचा. दुकानदाराला विचारलं, याच नंबरचं, सीलबंद पण जाहिरात नसलेलं काही आहे का. त्यानं खालच्या फळीवरून साधा डबा काढला. हिरोच्या डब्याहून बराच स्वस्त, नंबर मात्र तोच. मनोहरनं डबा कानाशी हलवला आणि तोंड वाकडं केलं. म्हणे, पातळ वाजते. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? मी खेकसलो. मग तिथेच स्टुलावर बसून त्याला हिरामणचं सांगितलं.

माझ्या हाताखालचा नाईक हिरामण बपेऱ्याचा, आमच्याच जिल्ह्यातला. इतक्या लांब आपली बोली बोलणारा तो एकटाच, म्हणून मला फार जवळचा. रोज सकाळी गाडी हलवण्याआधी डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी, काढून पाहायचा. नवीन ड्रायव्हरला त्याचा एकच धडा होता, "नाव नोको पाहू, नंबर पाय." पंगतीत वाढलेल्या तुपाचाही हा ग्रेड विचारेल, अशी आम्ही त्याची चेष्टा करायचो.

त्या दिवशी कॉन्व्हॉयमध्ये, आमच्या गाड्यांच्या ताफ्यात, भाड्यानं घेतलेला एक सिव्हिल ट्रक होता. सकाळी तो सुरू होता होईना. तेलाच्या चेंबरखाली शेगडी ठेवून कसाबसा चालू केला. चढावर त्याचं इंजिन जॅम झालं. रस्ता एकाच गाडीचा, वर बर्फाचा उतार, मागे सगळ्या गाड्या अडकलेल्या. पुढच्या गाडीवर हिरामण होता. तो उतरून आला, त्यानं डिपस्टिक ओढली आणि मला दाखवली.

"सायेब, हे तेल नाही, डांबर हाये."

ड्रायव्हर बिचारा रडकुंडीला आला होता. म्हणाला, मालिक कहता है, मोटा तेल ताकत देता है. थंडीत ते तेल इंजिनाच्या वरच्या भागात पोहोचलंच नव्हतं.

वायरलेस सेटवर ऑर्डर आली, "सिव्हिल गाडी टो करो. इंजिन कोई बंद नहीं करेगा. ओव्हर."

हिरामणनं आपली गाडी रिव्हर्स घेतली, इंजिन चालू ठेवून खाली उतरला आणि टो-चेन, गाडी ओढायची साखळी, घेऊन दोन गाड्यांच्या मधे वाकला. ड्रायव्हर मदतीला उतरू लागला, तर त्याला म्हणाला, "तू अंदर बैठ. स्टेअरिंग पकड." तेवढ्यात वरून बर्फ सुटला. फार मोठा नव्हता. एका माणसाला पुरला.

मला अजून राग येतो. बर्फाचा येत नाही. त्या ट्रकच्या ज्या मालकाला मी कधी पाहिलं नाही, तोही असाच कुठल्यातरी ड्रमपाशी बोट चोळत उभा राहिला असेल, त्याचा येतो. दुकानात मनोहरनं बोट पॅन्टीला पुसलं, ड्रमचं झाकण स्वतःच्या हातानं लावलं आणि साधा डबा बगलेत घेतला.

"मंग हिरामणची गाडी?" त्यानं विचारलं.

चालू होती, मी सांगितलं. आम्ही फावड्यांनी, हातांनी बर्फ उपसत होतो आणि पुढे त्याची गाडी उभी होती, आवाज एकसारखा, एकदाही अडखळली नाही. आम्ही त्याला बाहेर काढलं, तेव्हा तो गेलेला होता. ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, तरी इंजिन चालूच. बंद करायला कोणाचा हात धजेना. शेवटी मी केबिनमध्ये चढलो आणि चावी फिरवली.