दादाची टर्बो, बाबांचं ॲव्हरेज

दादानं आखातातून गाडी आणली तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. मुंबईच्या बंदरातून ती सोडवून घ्यायला तो बरेच दिवस तिकडे अडकला होता. मग एका दुपारी लाल रंगाची, बुटकी, दोनच दारांची जपानी गाडी आमच्या आवाराच्या दगडी गडग्याला लागून उभी राहिली आणि आळीतली माणसं जेवणं टाकून बाहेर आली. मागच्या काचेखाली इंग्रजीत ‘टर्बो’ लिहिलं होतं. ते काय असतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दादानं सांगितलं, “इंजिनातून जो धूर बाहेर जातो ना, त्याच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो. मग गाडी अशी सुटते की पाठ सीटला चिकटते.”

बाबा ओटीवरून उतरले नव्हते. त्यांचा सगळा जन्म एस.टी.ची गाडी चालवण्यात गेला होता आणि नुकतेच ते निवृत्त झाले होते. लोक पांगल्यावर ते सावकाश खाली आले, गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून टायर पाहिले आणि विचारलं, “लिटरला किती देते?”

दादा हसला. “बाबा, असल्या गाडीचं ॲव्हरेज विचारत नाहीत.”

“पेट्रोल भरणाऱ्यानं विचारावं,” एवढं म्हणून बाबा आत गेले.

त्या दोघांचं बऱ्याच वर्षांत याहून लांब बोलणं झालं नव्हतं. दादानं एस.टी.त लागावं असं बाबांच्या मनात होतं. त्यांनी डेपोत शब्दही टाकून ठेवला होता. दादा मात्र घरात न सांगता मुंबईला गेला आणि तिथून आखातात, अवजड गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये. तो रजेवर आला की दोघं एकाच स्वयंपाकघरात, एकाच पंगतीला बसायचे आणि आईमार्फत बोलायचे. “त्याला भात वाढ.” “बाबांना विचार, डॉक्टरकडे जाऊन आले का.” आईला त्याची इतकी सवय झाली होती की ती निरोप पुन्हा उच्चारायचीसुद्धा नाही, नुसती एकाकडून दुसऱ्याकडे मान वळवायची.

तिकडची कंपनी बंद पडली म्हणून दादा परत आला होता. मिरकरवाड्याला मच्छीमारांच्या लाँचची इंजिनं दुरुस्त करायचं काम त्याला मिळालं. काम बरं होतं, पण त्या कामाला ही गाडी शोभत नव्हती. परदेशातून आणलेली गाडी काही वर्षं विकताही येत नसे. पहिले काही दिवस त्यानं हौसेनं ती फिरवली. मग लक्षात आलं की टाकीचा काटा डोळ्यांदेखत खाली येतोय. त्यात आपल्या पंपावरचं पेट्रोल तिला मानवत नव्हतं. जोरात दाबली की इंजिनातून डबीत खडे हलवल्यासारखी खडखड यायची. “तिकडे पेट्रोल पाण्यासारखं मिळायचं,” दादा म्हणायचा. हळूहळू गाडी माडाच्या झापांच्या मांडवाखाली उभी राहायला लागली. कोंबड्या तिच्याखाली सावलीला बसायच्या.

एका रविवारी सकाळी बाबा इस्त्रीचा सदरा घालून गाडीपाशी जाऊन उभे राहिले. दादाकडे न बघताच म्हणाले, “चल, पालीपर्यंत जाऊन येऊ. ही पिते कशी ते बघतो.”

दादानं एकदा आईकडे बघितलं. आई चुलीपुढून उठलीच नाही. मलाच म्हणाली, “तू पण जा गो मागे बसून.”

मागची सीट म्हणजे नावाला. मी पाय आडवे घेऊन बसले. गाडी आखातातली असल्यामुळे स्टिअरिंग डावीकडे होतं, त्यामुळे बाबा बसले ते उजव्या बाजूला, म्हणजे एस.टी.त जन्मभर बसले त्याच बाजूला. फक्त पुढ्यात चाक नव्हतं. त्यांचे हात मांडीवर अवघडून बसले होते, आणि वळण आलं की उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा.

मिरजोळे मागे पडेपर्यंत ते नुसते रस्ता बघत होते. मग म्हणाले, “पुढे म्हशी दिसतायत. तू अजून पाय दाबून ठेवलायस. तिथं जाऊन ब्रेकच मारणार ना? मग आत्तापासून उचल की पाय.”

दादानं पाय उचलला. गाडी आपल्या वेगानं घरंगळत गेली आणि म्हशींपर्यंत पोचेस्तोवर म्हशी रस्त्यावरून बाजूला झाल्या. ब्रेक लावावाच लागला नाही.

“हे जे वाचलं, ते पेट्रोल,” बाबा म्हणाले.

उतारावर दादानं गाडी न्यूट्रल केली तशी ते ओरडले, “गिअरात ठेव! उतारावर गाडी मोकळी सोडणारे दरीत सापडतात.” दादा म्हणाला, “बरोबर आहे तुमचं. आणि या गाडीत तर गिअरात राहून पाय उचलला की पेट्रोल आपोआप बंदच होतं.” बाबांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. “खरं सांगतोस?” “खरंच. कॉम्प्युटर आहे आत.” बाबांना हे इतकं आवडलं की हातखंब्याच्या उतारावर त्यांनी ते त्याला पुन्हा करून दाखवायला लावलं.

डॅशबोर्डवर एक लहान डायल होती. टर्बो जोर धरू लागला की तिचा काटा वर चढायचा. काटा उठला की पेट्रोल गेलं, हे बाबांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. मग त्यांचं सगळं लक्ष त्या काट्यावर. “उठतोय बघ... बसव त्याला.” वरचा गिअर लवकर टाकायचा, पाय अंड्यावर ठेवल्यासारखा ठेवायचा, चढ लागायच्या आधीच थोडा वेग घेऊन ठेवायचा. दादा आधी हसायचा, मग चिडायचा, आणि काही रविवारांनी त्याला त्यातली गोडी लागली. टाकी गळ्यापर्यंत भरायची, पालीला जाऊन यायचं, पुन्हा तिथपर्यंत भरायची आणि बाबांनी पंपावरच तोंडी हिशेब करून ॲव्हरेज सांगायचं. सुरुवातीला आठ-नऊच्या वर न जाणारी गाडी बारा देऊ लागली, मग तेरा. तेरा झाले त्या दिवशी बाबांनी दादाला बॉनेट उघडायला लावून पंपावरच्या माणसाला इंजिन दाखवलं.

डावीकडच्या स्टिअरिंगमुळे दादाला पुढचं वाहन ओलांडताना समोरचं काहीच दिसत नसे. ते बाबांना दिसे. म्हणून ओलांडायचं की नाही ते बाबांनी सांगायचं. “थांब... थांब... जा.” त्यांनी ‘जा’ म्हटलं की दादा डोळे मिटून विश्वास टाकावा तसा गाडी बाहेर काढायचा. ज्या माणसानं बापाला न विचारता देश सोडला होता, तो आता बापानं म्हटल्याशिवाय बैलगाडीलासुद्धा ओलांडत नव्हता. मागे बसून मला हे दिसत होतं. त्या दोघांना दिसत होतं की नाही, माहीत नाही.

पालीला आम्ही चहा-भजी खायचो. तिथंही बोलणं गाडीचंच. पण गाडीच्या आडून बाकीचंही यायचं. घाटात पावसात ब्रेक गेले तेव्हा बसमधल्या माणसांना कळू न देता गाडी कशी खाली आणली, हे बाबांनी मला कधी सांगितलं नव्हतं. ते त्यांनी भजी खाता खाता दादाला सांगितलं. दादानंही वाळवंटात ट्रकखाली झोपून काढलेल्या दुपारी सांगितल्या. घरी आल्यावर आई विचारायची, “काय बोलत होते?” मी सांगायचे, “ॲव्हरेज.” ती हसायची.

मिरजोळ्याला औद्योगिक वसाहतीचे नवे रस्ते झाले होते. कारखाने थोडे आणि रस्ते रुंद, कातळाच्या सड्यावरून सरळ गेलेले. परतताना एकदा दादानं गाडी तिकडे वळवली आणि रिकाम्या रस्त्याच्या तोंडाशी थांबवली.

“बाबा, एकदा सोडू का?”

“कशाला?”

“बघायला. ही गाडी ज्याच्यासाठी केलीय ते.”

बाबांनी लांबवर गेलेल्या रस्त्याकडे बघितलं. मला वाटलं, हो म्हणणार. त्यांनी हातानं दाराची कडीसुद्धा धरली. मग म्हणाले, “आज तेराच्या वर चाललीय. उगाच घालवू नको. पुढच्या रविवारी बघू.”

पुढच्या रविवारीही तसंच झालं. मग दादानं विचारणं सोडून दिलं.

अशी चार-पाच वर्षं गेली. मी शाळेत शिकवायला लागले तरी रविवारी गाडीत मागे असायचेच. आंब्याच्या दिवसांतली गोष्ट. हातखंब्याच्या पुढे आमच्यासमोर चिऱ्यांनी भरलेला ट्रक होता. अगदी गोगलगाईसारखा चालला होता. ऊन समोरून येत होतं. बाबा काच खाली करून मान बाहेर काढून बघत होते. “थांब... थांब... जा.”

दादानं गाडी बाहेर काढली. समोर खोलगट भागातून लाल एस.टी. वर येत होती. दादानं पाय दाबला. गाडी वरच्या गिअरात, हळू चाललेली, नेहमीसारखी. असल्या गाडीला टर्बो उठायला क्षणभर लागतो, आणि वरच्या गिअरात तर जास्तच. पाय दाबला तरी काहीच घडेना. एस.टी.चा हॉर्न वाजतच राहिला. दादानं कचकन ब्रेक मारला आणि गाडी पुन्हा ट्रकच्या मागे घातली. एस.टी. इतक्या जवळून गेली की खिडक्यांमधले चेहरे मला दिसले.

पुढे एका आंब्याखाली दादानं गाडी उभी केली. इंजिन बंद केलं.

“मला दिसली नाय,” बाबा म्हणाले.

“नाही हो बाबा, चूक गिअरची. खाली घ्यायला हवा होता मी. घेतला असता तर कधीच पुढे निघून गेलो असतो.”

“गिअर वर ठेवायचं पण मीच शिकवलं तुला.”

“तसं नाही...”

“गाडी लाल होती रे. आपली एस.टी. आणि मला दिसली नाय.”

बाबा उतरले आणि मला म्हणाले, “तू ये पुढे.” ते अंग चोरून मागे बसले. पालीला न जाता आम्ही वळलो. मी उजवीकडे बसले होते, पण ‘जा’ म्हणायची माझी छाती होईना. दादानं विचारलंही नाही. एका बैलगाडीच्या मागून आम्ही कितीतरी वेळ तसेच आलो.

त्यानंतर रविवारी बाबांना काही ना काही निघायचं. माडांना पाणी लावायचं, गडगा रचायचा, कुणाकडे तरी जायचं. दादा गाडी पुसून तयार ठेवायचा आणि थोडा वेळ वाट बघून पुन्हा झाकायचा. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. हे त्यांना आधीच कळलं असणार, पण ते ऑपरेशनला तयार होईनात. आईनं सांगितलं, मी सांगितलं. दादानं काही सांगितलं नाही. आमच्या घरात पुन्हा आईमार्फत निरोप सुरू झाले.

मग दादाच्या एका जुन्या ओळखीतून परत आखातात जायचं ठरलं. गाडी विकता येण्याची मुदत झालीच होती. मुंबईचा एक तरुण गिऱ्हाईक म्हणून आला. त्याला चालवून बघायची होती, म्हणून दादानं मिरजोळ्याचा तो रस्ता सुचवला. बाबा स्वतःहून म्हणाले, “मी पण येतो.” मी आणि बाबा मागे बसून तिथवर गेलो आणि उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. दादा त्या मुलाच्या शेजारी बसला.

गाडी टोकापर्यंत गेली, वळली आणि तिकडून निघाली. आधी नुसता लाल ठिपका. मग एक शीळ ऐकू आली, बारीक, चढत चढत जाणारी. ती शिगेला पोचली तेव्हा गाडी आमच्यासमोरून निघूनही गेली होती. बाबांचा सदरा फडफडला. धूळ खाली बसेपर्यंत ते गाडी गेली त्या दिशेला बघत राहिले. त्यांना कितपत दिसत होतं कुणास ठाऊक.

“असा आवाज हाय होय हिचा,” ते म्हणाले. मग जरा वेळानं, “बसायला हवं होतं एकदा.”

गाडी परत आली तेव्हा दादाचा चेहरा तापलेला होता. बाबांनी त्याला काहीतरी सांगावं असं मला फार वाटलं. त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलं, “टायर चांगले आहेत.”

दादा गेल्यावर काही महिन्यांनी बाबांनी ऑपरेशन करून घेतलं. जाड चष्म्यातून त्यांना लांबच्या माडावरचे नारळ मोजता यायला लागले. दादा रजेवर यायचा. दोघं ओटीवर शेजारी बसायचे, आता थेट एकमेकांशी बोलायचे, पण विषय पुरायचा नाही. तिकडचा उन्हाळा, इकडचा आंबा, आणि मग दोघंही रस्त्याकडे बघत बसायचे. त्या मधल्या वर्षांत ते दोघं एकमेकांना जेवढे सापडले होते, तेवढे नंतर कधी सापडले नाहीत.

बाबा गेले तेव्हा दादाला विमान मिळून यायला तीन दिवस लागले. दिवसकार्य आटोपल्यावर आम्ही दोघं विहिरीपाशी भांडी घासत होतो. माझ्या मनात इतकी वर्षं होतं ते मी विचारलं. “त्या मिरजोळ्याच्या रस्त्यावर तू न विचारताच का नाही दाबलीस गाडी? ते शेजारीच तर बसले होते. एकदा बसले असते घाबरून, फार तर ओरडले असते.”

दादानं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“ओरडले असते तर चाललं असतं गो,” तो म्हणाला. “पण पुढच्या रविवारी आलेच नसते तर?”

मग तो पुन्हा घासायला लागला. त्याच्या रजेचे थोडेच दिवस उरले होते आणि आईला बरोबर न्यायचं की माझ्याकडे ठेवायचं, हे अजून आम्ही ठरवलं नव्हतं.