इंजिनाला स्टिअरिंग नसतं

सोनवणे काका रस्त्यावरची पाटी मनात वाचत नसत. हात लांब करून तिच्यावर बोट रोखायचे आणि खणखणीत आवाजात पुकारायचे, "पुढे उजवं वळण!" शेजारी बसलेल्यानं तेच परत म्हणायचं. रेल्वेत ड्रायव्हर आणि असिस्टंट एकमेकांना सिग्नल असेच पुकारून सांगतात. मेल-एक्सप्रेस चालवणाऱ्या काकांची सगळी नोकरी त्यात गेलेली.

ते मूळचे भुसावळचे. झाशीत, सिविल लाइन्समध्ये आमचे शेजारी. निवृत्त होताच त्यांनी एक जुनी मोटार घेतली आणि मला म्हणाले, "इंजिनियरसाहेब, शिकवा. जन्मभर लोकांना पोचवलं, तुमच्या काकूला कधी कुठे पोचवलं नाही. लायसन मिळालं की पहिली फेरी ओरछा."

काकू दारातून म्हणाल्या, "घरच्यांना इंजिनावर चढू देत नाहीत, हे ऐकत म्हातारी झाले मी!"

मी तयार झालो. माझं स्वतःचं लायसन एजंटानं घरपोच आणून दिलं होतं, ही गोष्ट मात्र पोटात ठेवली.

पहिल्याच दिवशी काकांनी वळणाची पाटी बिनचूक पुकारली आणि गाडी सरळ एका बंगल्याच्या मेंदीच्या कुंपणात घातली.

"अहो, वळवायची होती!"

"वळण मी सांगितलं होतं," काका शांतपणे म्हणाले. "इंजिनाला स्टिअरिंग नसतं हो. रूळच वळतात."

स्टिअरिंग ते आठवड्यात शिकले. पाट्यांच्या बाबतीत अब्रू गेली ती माझी. छावणीत एक पाटी दिसली: कर्ण्याचं चित्र, त्यावर लाल रेघ. "फौजी बँडची खोली. रेघ म्हणजे आज सुट्टी," मी ठोकून दिलं आणि शेजारून हात घालून सायकलवाल्याला दणदणीत हॉर्न दिला. पहाऱ्यावरचा जवान धावतच आला. "भाईसाहब, बोर्ड नहीं दिखता? हॉर्न मना है!"

दुसऱ्या पाटीवर दोन उंचवटे होते. "पुढे डोंगराळ भाग," मी म्हणालो. पुढच्याच क्षणी आमची डोकी टपावर आपटली.

चष्मा सावरत काका म्हणाले, "बुटका निघाला हो तुमचा डोंगर!"

त्या दिवसापासून नियमांचं पुस्तक त्यांच्या हातात आणि मी विद्यार्थी.

परीक्षेला काकू नवी साडी नेसून आल्या, बाकावर अगदी ताठ बसल्या. आरटीओच्या साहेबांनी शेवटच्या चित्रावर बोट ठेवलं: पांढरं वर्तुळ, त्यावर तिरकी काळी रेघ. मी मागून दोन्ही हातांची फुली करून दाखवली. बंद! सगळं बंद!

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"पाबंदी ख़तम, साहब. अब अपनी चाल से चलिए."

"पक्का?"

"पक्का जी. हमारी रेलवे में भी जहाँ रफ़्तार बाँधते हैं, वहाँ से आगे खोलने का बोर्ड ज़रूर लगाते हैं. वरना आदमी बेचारा डरता ही रहे."

साहेब हसले आणि काका पास झाले. ती परीक्षा माझी असती तर मी आजही पायीच फिरत असतो.

लायसन हाती पडलं त्याच सकाळी आम्ही निघालो. मला 'गार्ड' म्हणून मागे बसवलं, काकू पुढे. ओरछ्याला पोचल्यावर काकांनी गाडी अशी अलगद उभी केली, जणू फलाटालाच लावली.

"आलं तुझं ओरछा. उतर."

काकूंनी दाराला हातही लावला नाही.

"पुढे रस्ता संपतो का?"

"नाही."

"मग थांबलात कशाला? आज टाइमटेबल माझं."

काकांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, काकूंच्या ओंजळीत ठेवलं आणि गियर टाकला.