रेघेच्या जागी शून्य

चूक माझी होती, कॉम्प्युटरची नव्हती, हे आधी लिहून टाकतो. कारण वाचनालयाच्या सभेत मी सगळ्यांना नेमकं उलट वाटू दिलं. वहीतल्या दोन रेघांच्या जागी मी दोन शून्यं घातली. तीही आलेख छान दिसावा म्हणून.

डोंबिवलीतल्या आमच्या वाचनालयाची एक छोटी शाखा टिटवाळ्याला आहे. इमारतीच्या तळमजल्यावरची एक खोली, सहा कपाटं आणि बरीच वर्षं ती एकटीनं सांभाळणाऱ्या ग्रंथपाल बाई. ती शाखा चालू ठेवायची की बंद करून पुस्तकं डोंबिवलीला आणायची, हा प्रश्न समितीपुढे होता. मी ठाण्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो, म्हणून अध्यक्ष मला म्हणाले, "दीड वर्षात दर महिन्याला दोन्हीकडून किती पुस्तकं वाचायला गेली, ते आपल्या वेबसाइटवर आलेखात दाखवा. सभेत एका नजरेत कळलं पाहिजे."

अठरा महिने, दोन ठिकाणं. एकूण छत्तीस आकडे. डोंबिवलीचे आकडे कार्यालयात होतेच. टिटवाळ्याच्या बाईंनी आपल्या वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच पाठवले. त्याच संध्याकाळी आलेख काढून मी मोकळा झालो असतो. त्याऐवजी बावीस दिवस लायब्ररी निवडत बसलो.

ही लायब्ररी म्हणजे कुणीतरी जावास्क्रिप्टमध्ये आधीच लिहून ठेवलेला कोड. आपण आकडे द्यायचे, तो वेबपानावर आलेख काढतो. अशा लायब्रऱ्या ढिगानं आहेत. एक इतकी हलकी की जुन्या मोबाइलवरही पटकन उघडते, पण आलेख सरकारी फॉर्मसारखा दिसतो. एकीत वाटेल ते करता येतं, फक्त प्रत्येक अक्ष आणि त्यावरची प्रत्येक खूण आपली आपण काढायची. म्हणजे पुरणपोळी हवी तर आधी हरभरा पेरा. एकीत महिन्यांची मराठी नावं एकमेकांच्या अंगावर चढत होती. मी तुलनेचा तक्ता केला. चौदा निकष, प्रत्येकाला दहापैकी गुण. माझं लग्न ठरवताना आईवडिलांनी एवढे निकष लावले नव्हते.

"काय करतोयस एवढा वेळ?" बायकोनं विचारलं.

"लायब्ररी निवडतोय."

"लायब्ररीच्या कामासाठी लायब्ररी?"

"ही वेगळी लायब्ररी."

"आणि आकडे किती आहेत?"

"छत्तीस."

"अरे, छत्तीस आकड्यांचा आलेख मी नववीत एका तासात काढायचे. रंगीत पेन्सिलींनी."

मी दुखावलो आणि तक्त्यात आणखी दोन निकष वाढवले.

शेवटी एक निवडली, ती तिच्या वळणांसाठी. तिची रेषा डावीकडून उजवीकडे संथ वाहत यायची, कुठेही कोपरा नाही. अडचण एकच होती. टिटवाळ्याच्या पानावर लागोपाठ दोन महिन्यांत बाईंनी आकड्याऐवजी नुसती रेघ मारली होती. आकडा नसला की लायब्ररी त्या जागी रेषा तोडायची. तिचं बरोबरच होतं. जे माहीत नाही ते ती दाखवत नव्हती. पण एवढं खपून निवडलेली रेषा मधेच तुटलेली मला बघवेना. मी दोन्ही ठिकाणी शून्य टाइप केलं. फोटोत रेघांशेजारी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. फोटो मोठा करून ते वाचायचे कष्ट मी घेतले नाहीत.

सभेत टीव्हीवर आलेख लावला. टिटवाळ्याची केशरी रेषा छान वाहत आली, त्या दोन महिन्यांपाशी पोचली आणि विहिरीत उडी मारावी तशी खाली गेली. वळणाची गोलाई राखण्याच्या नादात ती शून्याच्याही खाली उतरली.

"हे शून्याखाली काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"लोक घरची पुस्तकंसुद्धा तिथे टाकून गेले असणार," समितीतले एक जण म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

मागच्या रांगेतून बाई म्हणाल्या, "ते शून्य नाहीये. मी तिथे रेघ मारली आहे."

"बाई, हे कॉम्प्युटरनं काढलंय," अध्यक्षांनी त्यांची समजूत घातली आणि माझ्याकडे पाहिलं.

मला त्याच क्षणी कळलं होतं. नोंद नसणं आणि शून्य असणं यातला फरक कळतो म्हणून तर मला पंचवीस वर्षं पगार मिळतोय. मी म्हणालो, "एकूण कल तर स्पष्ट दिसतोय."

बाईंनी वही पिशवीत घातली. महिनाअखेर शाखा बंद करायचं ठरलं.

घरी येऊन फोटो मोठा केला. रेघांशेजारी लिहिलं होतं, 'शेवटची पानं पाहावीत.' रविवारी टिटवाळ्याला गेलो. बाईंनी काही न विचारता वही पुढे ठेवली. त्या दोन महिन्यांत कपाटांना वाळवी लागली होती आणि औषध मारण्यासाठी खोली बंद होती. तेवढे दिवस बाई पुस्तकं पिशवीत घालून वाचकांच्या घरी पोचवत होत्या. शेवटच्या पानांवर वाचकाचं नाव, इमारत, मजला, पुस्तक. एका ठिकाणी 'पाचवा मजला, लिफ्ट बंद' अशीही नोंद होती. मी नोंदी मोजल्या. एरवीपेक्षा जास्तच पुस्तकं गेली होती.

"हे तुम्ही सभेत का नाही दाखवलंत?" मी विचारलं. मला तेव्हाही पुरेशी लाज वाटलेली नव्हती, नाहीतर हा प्रश्न सुचला नसता.

"तुम्ही तीन आठवडे अभ्यास केलात, असं अध्यक्ष सांगत होते," त्या म्हणाल्या. "म्हटलं, माझंच काही चुकलं असेल. चहा घेता ना?"

मी चहा घेतला. माफी मागायची राहिली. म्हणजे मी ती राहू दिली. घरी येऊन साध्या उभ्या खांबांचा नवा आलेख केला आणि खाली तळटीप लिहिली: 'तांत्रिक कारणाने पूर्वीच्या आलेखात दोन नोंदी वेगळ्या दिसत होत्या.'

बायकोनं चष्मा लावून ती वाचली. "तांत्रिक कारण म्हणजे तू का?"

मी लॅपटॉप मिटू लागलो.

"माफी तळटीपेत मागतात होय रे? तीही मुंगीएवढ्या अक्षरात?"

मी अध्यक्षांना फोन केला आणि पुन्हा सभा घ्या, बाईंनाही बोलवा, अशी विनंती केली. त्या सभेत वहीची शेवटची पानं हातोहात फिरली. लिफ्ट बंद असलेल्या पाचव्या मजल्यापाशी प्रत्येक जण थोडा थांबत होता. शाखा चालू राहील असं ठरलं. माझा नवा आलेख लावायची वेळच आली नाही.

"तांत्रिक घोळ झाला होता, होतं असं," म्हणत अध्यक्ष उठू लागले. मलाही उठून निघून जाता आलं असतं. मी उभा राहिलो, मागच्या रांगेकडे वळलो आणि म्हणालो, "तांत्रिक काही नव्हतं. रेघ बाईंनी मारली होती, शून्य मी घातलं. बाई, तुम्ही त्या दिवशी खरं सांगत होतात, ते मला तिथेच कळलं होतं, आणि तरी मी तुम्हाला खोटं पडू दिलं. मला माफ करा."